पहिले सुका वाजवा

त्या माणसाचा मला अजूनही राग येतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्याचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच तो गिटारचा आवाज बदलणारी जुनी पेडलंही विकायचा. मी बेलवलीहून गिटार घेऊन गेलो. मला डिले आणि रिव्हर्ब, दोन्ही हवे होते.

"म्हणजे इको," सोल्डरवरून नजर न काढता तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. शिवमंदिराच्या गाभाऱ्यात टाळी घुमते तो रिव्हर्ब आणि डोंगराला मारलेली हाक परत येते तो डिले, असं मी त्याला ऐकवलं. त्याने शांतपणे मान हलवली, दोन्ही पेडलं काउंटरवर मांडली आणि माझ्या गिटारची वायर मात्र पेडलं वगळून सरळ अँपमध्ये खुपसली.

"पहिले सुका वाजवा."

मी वाजवलं. जिथे चुकलो, तिथे तो हातातला टेस्टर काउंटरवर आपटायचा. टक. अँप दुरुस्तीला घेऊन आलेले बँजो पार्टीचे दोघे बाकावर बसून हसत होते.

"साहेब, डिले लावलात तर हीच चूक चारदा ऐकू येणार. रिव्हर्बमध्ये झाकली जाईल. तुम्ही रिव्हर्बच घ्या."

विकायला बसलाय की परीक्षा घ्यायला? मी तणतणत बाहेर पडलो आणि त्याच्या नाकावर टिच्चून ऑनलाइन मागवला. मागवला तोही रिव्हर्बच.

आता बिल्डिंगमधले म्हणतात, काय मस्त घुमतं. माझी चूक कुणाला कळत नाही. मी मात्र चुकलो की ती टक ऐकतो, आणि रिव्हर्बचं बटण कितीही फिरवलं तरी ती झाकली जात नाही.