गाळलेले तिसरे कडवे

ज्या गाण्याला आज सारे 'पारंपरिक' म्हणतात, ते माझ्या थोरल्या भावाने रचले आणि त्यावर पहिली ढोलकी मी वाजवली. हे मी अनेकांच्या तोंडावर सांगितले आहे. येथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी वाद घालू नये. घातलाच, तर मी अजून आहे.

गाणे साधे आहे. शाळेत निघालेली मुलगी आईकडे पाटी मागते, हे पहिले कडवे. आई तिला उन्हातून शाळेपर्यंत पोहोचवते, हे दुसरे. तिसऱ्यात मुलगी आईचा हात धरून तिला स्वतःचे नाव लिहायला शिकवते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीची गायन पार्टी ते तिन्ही कडव्यांसह गात असे. भाऊ वारला आणि त्यानंतर सीताबर्डीत त्या गाण्याची कॅसेट निघाली. गाणे लांबते, म्हणून कॅसेटवाल्याने तिसरे कडवे गाळायला सांगितले. मी ढोलकी उचलून बाहेर पडलो. आमची मुख्य गायिका मात्र आत थांबली आणि दोन कडवी गाऊन मोकळी झाली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही.

कॅसेटवरून बँडवाल्यांनी ते उचलले, आणि पाटी मागणाऱ्या मुलीवर लोक वरातीत नाचू लागले. रायपूरकडच्या एका गायकाने ते हिंदीत नेले. त्यात आई मुलीला शाळेऐवजी बाजारात नेते, का ते त्यालाच ठाऊक. डीजेवाल्यांनी लय दुप्पट केली. मोबाइलवर तर नाना तऱ्हा आहेत. त्यांपैकी गिटारवरची ऐकायला तितकीशी वाईट नाही, हे मी आजवर कोणाजवळ कबूल केलेले नाही. पण गाणे अर्धे आहे, हे यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मुलगी वर्गात जाते, आई उन्हात राहते, आणि तेथेच सारे टाळ्या घेतात.

गेल्या हिवाळ्यात एक तरुणी माझ्याकडे आली. बुटीबोरीच्या सूतगिरणीत ती काम करते आणि सुटीच्या दिवशी गाते. रविवारी दुपारी वस्तीच्या वाचनालयात तिचा कार्यक्रम होता.

"आजोबा, तुम्ही सांगता ते तिसरं कडवं मले द्या. मी म्हणते रविवारी."

एवढी वर्षे ज्या मागणीची वाट पाहिली, ती दारात आली होती. मी टेबलावर ठेका धरला. पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. शेवटची आठवत होती, मधली येईना.

"त्यात अंगठा होता," मी म्हणालो. "अंगठ्याचं काहीतरी होतं."

तिने विचारले, "मग दोनच म्हणू का, आजोबा?"

तिच्या स्वरात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते अधिक झोंबले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामठीचा शेअर ऑटो धरला.

आमची ती गायिका आता कामठीत लेकीकडे राहते. ती ओसरीत तूर निवडत बसली होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवले.

"कोण मेलं गा?"

"कोणी मेलं नाही. मले एक ओळ पाहिजे."

"एका ओळीसाठी कामठीले आला? आधी पाणी पी. रागानं पार वाळून गेला तू."

मी पाणी प्यालो आणि कारण सांगितले. तिने आठवायलाही वेळ घेतला नाही. आवाज फाटला होता, पण सूर जागेवर होता:

"माझा हात तुझ्या हाती, आता तूच गिरव माय,
हसलं जरी सारं गाव, नाव तुझं तू लिही माय."

"ही ओळ माह्या भावाची नाही वं," मी म्हणालो. "त्यानं घरी मले जी म्हणून दाखवली, तिच्यात अंगठा होता."

"होता ना, पहिल्या दिवशी होता. मी म्हटलं, दादा, इथं सहीच्या जागी अंगठा देणारी मीच आहो, माह्याच तोंडून माहा अंगठा काहून काढून राहिले? तर तो हसला. म्हणे, मग तूच सांग. मी सांगितलं. तू तिथंच ढोलकी आवळून राहिला होता. तुले ढोलकीशिवाय कधी काही ऐकू आलं का?"

"मग स्वतःची ओळ कॅसेटमध्ये काहून सोडली?"

"दोन कडवी निघतीन, नाही तर एकही नाही, असं होतं. तू गेला. मी पण गेली असती, तर ते पोरगी कोणतं गाणं मागाले तुह्या दारी आली असती?"

त्या दिवसाबद्दल मी मनात अनेक भाषणे रचली होती. ती सारी सोडून मी तिला रविवारी यायला सांगितले.

ती आली; ढोलकीवर मी बसलो. दुसरे कडवे संपताच सवयीने टाळ्या पडल्या. तरुणी थांबली नाही. तिने हात केला, म्हातारी उठून तिच्याशेजारी उभी राहिली, आणि दोघींनी मिळून गाण्यातल्या आईच्या हातात पेन्सिल दिली. त्यानंतर टाळ्या जरा उशिराने आल्या. पहिल्या रांगेतल्या दोन बायका ती ओळ पुन्हा आपापसांत म्हणून पाहत होत्या. मी ढोलकीवरून हात काढलाच नाही.

"मोबाइलवर टाकते, आजोबा," तरुणी नंतर म्हणाली. "रचना कोणाची लिहू?"

मी भावाचे नाव सांगितले. ते लिहून झाल्यावर, त्याच्याशेजारी, त्याच अक्षरांत, म्हातारीचे लिहायला लावले.

आता सावनेरच्या एका पार्टीने ते तिन्ही कडव्यांसह गायले आहे. शब्द बरोबर आहेत, दोन्ही नावे आहेत. ठेका मात्र साफ चुकीचा धरला आहे. पुढच्या आठवड्यात मी ढोलकी घेऊन तिकडे जाणार आहे.