आप्पांना सांगायचं कसं

शहापुरात आमचे आप्पा हातमागावर साड्या विणायचे. दोन वर्षांच्या आजारपणानंतर त्यांचं पोट सुजलं, तेव्हा मी गोऱ्या डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. इंग्रजी घरात फक्त मलाच येत होतं. तपासून बाई म्हणाल्या, "थोडेच दिवस उरलेत. त्यांना स्पष्ट सांगा."

आमच्यात असं तोंडावर कोण बोलतं? मी म्हणालो, "आप्पा, बाई म्हणतात, आता हवं ते खावा."

आप्पा हसले. "दोन वरीस मीठ बंद केलतं. आता समदं खा म्हंत्यात, म्हंजे मी चाललो व्हय रं?"

माझे डोळे भरून आले. बाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"त्यांना कळलं."

इतकं अवघड बोलणं थोडक्यात सांगितल्याबद्दल बाईंनी माझं कौतुक केलं. आप्पांनी त्याच दुपारी लोणचं मागितलं आणि पुढे तीन महिने रोज खाल्लं.