राखलेला धुरा

मंडळी, आज डोकं फिरलंय.

कुरुंद्याच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी तीन वर्षं गवत राखलं. विळा लावू दिला नाही, ढोरं चारू दिली नाहीत. सगळं गवतात अंडी घालणाऱ्या लाव्यांसाठी, त्या छोट्या पाखरांसाठी. त्यांचे फोटो इथे टाकले, तुम्ही वाहवा केली.

आज सकाळी गेलो तर धुरा काळाठिक्कर. शेजारच्या शेतातल्या किसनकाकांनी हळदीचा पाला जाळताना धुराही पेटवून दिला होता. राखेत पाच अंडी सापडली, तडकलेली.

"काका, काहून पेटवला?"

"अर्धा धुरा माझा हाय का न्हाई? तुझा बी साफ करून दिला."

"लाव्या होत्या तिथं!"

"मंग सांगायचं न्हाई का बाबा? मी समजलो, पोरगं आळशी झालं."

पुण्या-मुंबईच्या तुम्हाला सगळं सांगितलं मी. काकांना तीन वर्षांत एक शब्द नाही. त्यांना काय कळणार, म्हणून.

खाली 'छान लिहिलंय' लिहू नका. तुमच्या धुऱ्यापलीकडे कोण आहे आणि त्याच्याशी शेवटचं कधी बोललात, तेवढं लिहा.