जयंतीताईंचा ओव्हन

मालनच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. वेंगुर्ल्याहून लग्न होऊन ती लालबागच्या खोलीत आली. पुढं गिरणी बंद पडली, नवरा बाळा गोरेगावच्या एका कंपनीत लागला आणि शहाऐंशी साली बिऱ्हाड दिंडोशीच्या वसाहतीत आलं. घर बदललं, हिचं घासणं काही सुटलं नाही. कुणाशी बोलत उभी असली तरी पदराचं टोक ओट्यावरून फिरत असायचं.

त्या दुपारी मात्र ती घाबरून घासत होती. पुढ्यात शेजारच्या जयंतीताईंचा ओव्हन होता. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी. ताई चारला न्यायला येणार होत्या, आणि तीन तर वाजून गेले होते.

देताना ताईंनी एकच अट घातली होती. "यात अंडं नको हं, मालन. अण्णांना तसा शब्द दिलाय, तेव्हा कुठं हा घरात आला." अण्णा म्हणजे ताईंचे सासरे. यातली नानकटाईसुद्धा देवापुढं ठेवल्याशिवाय तोंडात घालत नसत.

"देवाशपथ, ताई," मालन म्हणाली होती. आणि तेव्हा ते खरंही होतं.

पण आज लताचा वाढदिवस. काल अंड्याऐवजी डब्यातलं घट्ट दूध घालून केलेला केक फुगलाच नाही. लतानं बोटानं दाबून बघितला. "आई, हा केक नाय, पाटा आहे. वर्गातल्या पोरी हसतील ना." सकाळी मालननं गुपचूप दोन अंडी फोडली. केक फुगला, असा फुगला की भांड्यातून उतू जाऊन ओव्हनच्या तळाला चिकटला. लता खुशीत डबा घेऊन बाराच्या शाळेला गेली, आणि मागं हे राहिलं.

साखर जळून डिंकासारखी झाली होती. वायरीकडची बाजू वर धरून मालननं तळाशी कढत पाणी ओतलं. साखर सुटली. अंडं मात्र शिजून आणखीच घट्ट बसलं, आणि असा वशट वास सुटला की खिडकी उघडूनही जाईना.

दारातून सासू बघत होती. "गो मालन, माशांचो टोप कदी गरम पाण्यान धुतलंस काय?"

"नाय."

"मगे आज काय झाला तुका?"

मालन रोज मासे धुणारी बाई, पण केक म्हटल्यावर तिला वाटलं, याचं सगळंच वेगळं असणार.

"थंड पाणी घे. चिंच लाव. नि काथ्यान घास, हळू."

चिंच चोळली, राख लावली, पुन्हा चिंच. घड्याळ बघायचं, नाक तळाशी न्यायचं, पुन्हा घासायचं. बोटांची सालं निघाली. कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघाली होती, ती पुसली तर दुसरीकडून आली. चारला पाच कमी असताना वास गेला. की आपलं नाकच मेलं, हे काही तिला कळेना.

जयंतीताई आल्या. ओव्हन उजेडात धरून हसल्या. "अगं, माझे जुने डागसुद्धा काढलेस की. नवा कोरा केलास."

तेवढ्यावर संपलं असतं. ताई उंबऱ्यापर्यंत गेल्याही होत्या.

"ताई," मालन म्हणाली, "दोन अंडी घातली त्यात. आजच."

ताई वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या ओव्हनकडं बघत राहिल्या. "सांगितलं नसतंस तर नेला असता गं," त्या म्हणाल्या. "आता अण्णांसमोर कुठल्या तोंडानं ठेवू?" आणि ओव्हन ओट्यावर ठेवला. "राहू दे तुझ्याकडेच."

त्यांच्या दाराची कडी लागलेली भिंतीपलीकडून ऐकू आली.

साडेपाचला लता रिकामा डबा वाजवत आली. "झकास झाला होता, आई. सुलक्षणानं दोनदा मागून घेतला. परत कधी करशील?"

मालन मोरीपाशी ओव्हन मांडीवर घेऊन बसली होती. "बघू. आधी ह्याचा वास जाऊ दे."

"वास खंय रवलो आता?" सासू म्हणाली.

मालननं चिंचेचा आणखी एक गोळा भिजत टाकला.