सून भांडेना

लाँड्रीत तिला सगळे तोफ म्हणत आणि तिला ते आवडायचं. नवरा गेल्यावर हॉटेलांच्या चादरी धुवून तिने मुलगा वाढवला. त्याने घरात आणली ती सून म्हणजे दारूगोळाच. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. रोज टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून चादर ताणायची, घडी घालायची आणि भांडायचं. इस्त्री थंड होई, या दोघी होत नसत.

मग पाठदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत भलतंच निघालं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. डॉक्टर म्हणाले, "ठरावीक महिन्यांनी तपासत थांबता येईल, पण मधेच फुटली तर वेळ मिळणार नाही. ऑपरेशन केलं तर या वयात त्यातही जिवाला धोका आहे. ठरवायचं तुम्ही. तोवर ओझं उचलू नका, रक्तदाब वाढू देऊ नका."

थांबायचं ठरलं आणि सुनेची जीभच गेली. तोफेने स्टार्चमध्ये खोट काढली. "हो आई." घड्या वाकड्या म्हणून चादरी पुन्हा उलगडल्या. "हो आई." शेवटी सुनेच्या माहेरचा उद्धार केला, तरी तेच. चादरसुद्धा सून ताणत नव्हती, नुसती धरून उभी राहायची. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं सगळे तोफेशी गोड बोलत होते. असला संताप तोफेला उभ्या जन्मात आला नव्हता.

पुढच्या तपासणीत फुगवटा थोडा वाढलेला निघाला. तरीही डॉक्टरांचं म्हणणं तेच, ठरवायचं तुम्ही.

"मी ऑपरेशन करून घेतेय," दुसऱ्या दिवशी तोफ टेबलापाशी म्हणाली.

सुनेच्या हातातली चादर गळाली. "डोकं फिरलंय का तुमचं? तिथेच गेलात म्हणजे? जन्मभर स्वतःचंच खरं केलंत, आताही तेच."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तोफेला कित्येक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

"तुझं हो आई ऐकत जगण्यापेक्षा तिथे गेलेलं बरं."

"मग काय करू? मी तोंड उघडलं आणि तुमच्या पोटात काही फुटलं तर? खून माझ्या माथी?"

"म्हणूनच दुरुस्त करून घेते. मग बोल काय ते."

भीती तोफेलाही वाटत होती. ती दिसू नये म्हणून तिने चादरीचं टोक उचललं. सुनेने ते हिसकावून घेतलं.

"सोडा. ऑपरेशन होईपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि झाल्यावर?"

"आधी परत या," सून एकटीच घडी घालत म्हणाली. "मग दाखवते."