पंकजचं कार्ड आणि सडक्या केळ्यांचा वास

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" असं इथे प्रत्येकजण लिहितो, त्यामुळे तेच वाक्य लिहायची मला लाज वाटते. पण खरंच नव्हता. मी बुऱ्हाणपूरला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मशीन बंद पडली की पोरं ओरडतात, "सर, भूत घुसलं!" मग मी झाकण उघडून दाखवतो, की बाबांनो, भूत नाही, ही धूळ आहे. ज्या मशीनच्या बिघाडाचं कारण सापडलं नाही अशी एकही मशीन मला आजवर भेटली नव्हती... एक सोडून. आणि तिची गोष्ट सांगायची तर आधी माझी स्वतःची घाण उघडी करावी लागते. करतो.

पंकज माझा शाळेपासूनचा मित्र. घर गावातल्या सिंधीपुऱ्यात, शेती जवळच्या तुकईथडला, केळीची. आम्हा दोघांनाही गेमिंगचं वेड. इंदूरला जाऊन आम्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — गेममधलं चित्र रंगवायचं काम हे कार्ड करतं. त्या काळात सारखी दोन कार्डं एका मशीनमध्ये बसवली की ती काम वाटून घ्यायची आणि गेम नुसता पळायचा. आमचा कायमचा वाद म्हणजे ही जोडी कुणाच्या मशीनमध्ये लावायची. तो म्हणायचा माझ्या, मी म्हणायचो माझ्या. माझं कारण पक्कं होतं. त्याच्या खोलीत मला पाच मिनिटं बसवत नसे.

किळस यायची हो. पंकज खेळता खेळता केळी खायचा, आणि उठून सालं टाकायचा कंटाळा, म्हणून ती टेबलामागे सरकवायचा. तिथे ती काळी पडायची, पाझरायची, त्यांवर चिलटं घोंगावायची. कीबोर्डवर चिकट थर. एकदा मी माउस उचलला आणि सोडला, तर तो तळहाताला चिकटूनच राहिला. मला उमासा आला आणि हा पोट धरून हसतोय!

"अरे फळ आहे ते गजू, गटार नाही," म्हणे.

त्या दिवसापासून मी त्याच्या खोलीत चहासुद्धा घेत नसे. बुऱ्हाणपूरचा असून मी केळं खात नाही, याचं कारणही तोच.

मग पंकजला कावीळ झाली. आधी घरगुती औषध, मग इथला दवाखाना, मग इंदूर. पंधरा दिवसांत गेला. एकुलता एक मुलगा.

महिनाभरानं त्याच्या वडिलांचा फोन आला. काका आमच्याच शाळेतले रिटायर्ड मास्तर, मोजकं बोलणारे. म्हणाले, "गजू बेटा, पंकजचे फोटो आहेत म्हणे त्या मशीनमध्ये. तुझी काकू रोज विचारून राहिली. येतो का एकदा?"

गेलो. तेराव्यानंतर काकूंनी ती खोली फिनाइलनं धुऊन काढली होती, एकदा नाही, तीनदा. गादी, उशी, पडदे, सगळं धुतलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत मोकळा श्वास घेतला आणि मनात म्हटलं, सुटलो. मित्र जाऊन महिना झालेला, आणि मला काय वाटलं, तर सुटलो.

फोटो काढून पेनड्राइव्हमध्ये टाकले. तेवढ्यात कॅबिनेटच्या काचेतून ते कार्ड दिसलं. माझ्या कार्डाचं जुळं भावंड. मोठा एसएमपीएस, म्हणजे दोन कार्डांना पुरेल इतकी वीज देणारा डबा, मी कधीचाच घेऊन ठेवला होता, या एका लोभापायी. आता आमच्याकडे एक रीत आहे — फुटकी किंवा जळकी वस्तू घरात ठेवत नाहीत. तडकलेला आरसा, कान तुटलेला कप, इस्त्रीनं जळालेलं कापड, लगेच बाहेर. त्यात घरात नुकताच माणूस गेलेला असेल तर बघायलाच नको. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो.

"काका, हे कार्ड जळालंय."

काका दारातच उभे होते. "जळालं? मग नको बाबा घरात. तूच घेऊन जा, कुठं टाकायचं तिथं टाक."

मी मॉनिटरची पिन मदरबोर्डला लावून दिली, कार्डाशिवायही मशीन चालू होते हे दाखवलं. काकूंनी कार्ड ठेवायला स्वतःच्या हातानं पिशवी दिली. ती पिशवी धरून मी जिना उतरलो, आणि खरं सांगतो, छाती धडधडत होती ती आनंदानं.

बुऱ्हाणपुरातच लालबागला आमच्या घरी आल्यावर मी ते कार्ड पूर्ण खोललं. पंख्यावर पॉवरलूमच्या कापडाच्या तंतूंचा थर होता. तो तर या गावात देवाच्या फोटोवरही असतो. ब्रशनं काढला, स्पिरिटनं पुसलं, चिप थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली. फळाचा कण नव्हता, डाग नव्हता, वास नव्हता. हे मुद्दाम लिहितोय, कारण पहिली शंका तुम्हाला तीच येणार.

रविवारी सकाळी अकराला दुसरं कार्ड बसवलं. भर उजेडात. दोन्ही कार्डं दिसली, गेम लावला... काय पळाला म्हणून सांगू! तासभर मी जागचा हललो नाही. मग आतून माझी बायको सुनीता ओरडली. ती रावेरची, केळीच्याच मुलखातली, नाक फार तिखट.

"अहो, केळी आणली का तुम्ही? काहीतरी सडून राहिलं ना तिथं!"

तेव्हा मलाही आला. गोडसर, आंबूस, घशाशी येणारा वास. उठून टेबलाखाली बघितलं, गॅलरीत बघितलं, काही नाही. परत खाली बसलो तर कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून, पंख्याच्या गरम हवेबरोबर, चिलटं बाहेर येत होती. एक-दोन नाही, झुंडीनं! आत कार्डाचं तापमान जवळपास ऐंशी अंश. त्या भट्टीत कुठलं चिलट जगेल? मशीन बंद करून झाकण काढलं. कॅबिनेटच्या तळाशी चमचाभर तपकिरी पाणी साचलेलं, तार सुटणारं. बोट लावून नाकाशी नेलं आणि बेसिनकडे पळालो.

पंकजचं कार्ड काढलं, तळ पुसला, नुसतं माझं कार्ड चालवलं. वास नाही. पुन्हा ते बसवलं, तासाभरात वास. स्लॉट बदलले, वायर बदलली, पुन्हा सगळं स्पिरिटनं धुतलं. चार वेळा हाच प्रयोग केला आणि चारही वेळा तेच. पाचव्यांदा शहाण्या माणसानं कार्ड काढून फेकलं असतं.

मी काय केलं? नाकावर रुमाल बांधला, रुमालाला बाम चोळला आणि खेळत बसलो. शाळेतून आलो की चालू. वरणात चिलट, चहात चिलट, उशीवर चिलट. सुनीता ताट घेऊन गॅलरीत जेवायला लागली.

"तुम्हाला किळस नाही येत?"

"येते ना. पण गेम बघ कसा पळतोय."

"फेका ते," ती म्हणाली. "कोणाचं उचलून आणलं देव जाणे."

मी तिला सेकंडहँड घेतलं म्हणून सांगितलं होतं. त्या वाक्यावर मी रुमाल जरा वर ओढला, इतकंच.

असे वीसेक दिवस गेले. एका शनिवारी सकाळी दार वाजलं, उघडलं तर काका. हातात एक रिकामा खोका. कार्डाचाच, इंदूरचा. माझी मशीन आत चालूच होती. त्यांना दारातूनच वाटेला लावावं असं मनात आलं, पण सुनीतानं "या ना काका" म्हणून खुर्ची दिली.

"आवरताना कपाटावर सापडला," काका म्हणाले आणि खोका माझ्या हातात दिला. झाकणावर मार्करनं पंकजचं वाकडंतिकडं अक्षर: 'गजूला वाढदिवसाला. लाव तुझ्याच मशीनमध्ये जोडी.'

माझा वाढदिवस तो इंदूरच्या दवाखान्यात असताना होऊन गेला होता.

"तुला द्यायचं होतं रे त्याला," काका म्हणाले. "आता ते तर जळालं. म्हटलं खोका तरी ठेव, अक्षर आहे त्याचं."

मी जे चोरलं ते माझंच होतं. महिनाभर थांबलो असतो तर या माणसानं ते स्वतःच्या हातानं आणून दिलं असतं. मला त्या वासाची कधी आली नव्हती इतकी स्वतःची शिसारी आली. काही बोलणार, तेवढ्यात काका थबकले. मान वर करून हुंगू लागले. मग काही न विचारता उठले आणि सरळ आतल्या खोलीत गेले.

मी मागे धावलो. "काका, वास येतोय, बसू नका तिथं, मी बंद करतो..."

"बंद नको करू!" एवढ्या मोठ्यानं मी त्यांना वर्गातसुद्धा बोलताना ऐकलं नव्हतं. मग हळू म्हणाले, "राहू दे बेटा. थोडं चालू राहू दे."

ते माझ्या खुर्चीवर बसले, जाळीच्या अगदी जवळ, आणि लांब लांब श्वास घेऊ लागले. पांढऱ्या सदऱ्यावर चिलटं बसली, त्यांनी उडवली नाहीत.

"फिनाइल मारमारून हिनं सगळा घालवला रे. मी त्याच्या उशीला नाक लावून बघितलं. साबणाचा येतो."

मी सगळं सांगितलं. कार्ड जळालं नव्हतं, मी खोटं बोललो, ते हेच, याच मशीनमध्ये आहे. काकांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. सुनीतानं चहा आणला, त्यात चिलट पडलं, ते त्यांनी बोटानं काढलं आणि चहा पिऊन टाकला.  ते दीड तास बसले.

जाताना एवढंच म्हणाले, "खोटं कशाला बोलला रे? मागितलं असतं तर नाही म्हटलं असतं का?"

मी त्याच दुपारी कार्ड काढलं, सिंधीपुऱ्यात नेऊन पंकजच्या मशीनमध्ये बसवलं आणि गेम लावून दिला. काका समोर बसले. तास झाला, दोन तास झाले. वास आला नाही, एक चिलट आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही कधीच नाही. काकांच्या हट्टापायी एकदा तेच कार्ड पुन्हा माझ्या मशीनमध्ये लावून बघितलं. तिथेही नाही, म्हणून परत त्यांच्याकडे नेऊन बसवलं. दोन्ही कार्डं व्यवस्थित चालतात, कसलीही तक्रार नाही.

तो वास कुठून आला आणि कुठे गेला, मला सांगता येत नाही. सुनीता साक्षीला आहे, काका आहेत, म्हणून भास म्हणता येत नाही. बाकी कारण मी शोधलं, सापडलं नाही.

काका मात्र कारण विचारत नाहीत. चार-आठ दिवसांनी त्यांचा फोन येतो: "गजू बेटा, मशीन रोज चालू ठेवून राहिलो. पण येत नाही रे. काही सुटलं असेल आत, बघून जातो का?"

मी जातो. झाकण उघडतो, घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट करतो आणि सांगतो, "जरा गरम होऊ द्या काका, येईल." ते खुर्ची जवळ ओढून बसतात, आणि मी जिना उतरतो.