मामांच्या राजाची अडीच घरं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली... तेव्हा आज कुणी माझी केली तर तक्रार नाही. पण हे माझ्याच खोलीत, भर दुपारी घडलंय.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. कोकणातून येऊन मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात क्लार्क लागलो होतो. कारखान्याचा क्लब म्हणजे कँटीनमागची पत्र्याची शेड, एक कॅरम आणि बुद्धिबळाचे दोन पट. तिथला माझा जोडीदार म्हणजे गेटवरचे वॉचमन शिवराममामा. जवळच्या वाकड गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. मामा देशी पद्धतीनं खेळायचे. त्यात शह न बसलेल्या राजाला डावात एकदाच घोड्यासारखं अडीच घरं जाता येतं. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत आम्ही तसंच खेळलो.

मग दुसऱ्या कारखान्याशी सामना ठरला. संघात एकच जागा उरली — मी किंवा मामा, आमच्यातला डाव जो जिंकेल तो. आमच्या क्लबात कोणते नियम ते दोघांनी आपसात ठरवायचं असे. पट मांडताना मामांनी हळूच विचारलं, "राजाची अडीच घरं हायती नव्हं?"

मी होकारार्थी मान हलवली.

बाविसाव्या चालीला डाव माझ्या हातात होता, पुढच्या चालीला मात दिसत होती. मामांनी शांतपणे राजा उचलला आणि अडीच घरांवर नेऊन ठेवला. माझा सगळा हल्लाच फुसका झाला. मी ताडकन म्हटलं, ही चाल पुस्तकात नाही. स्टोअर्सचे साहेब पंच होते. त्यांनी विचारलं, आधी काय ठरलं होतं?

"काहीच ठरलं नव्हतं," मी म्हणालो.

साहेबांनी पुस्तकातला नियम लावला. राजा मागे आला, आणि मी मात दिली.

रविवारी दुपारी मी तो डाव वहीतून पुन्हा मांडला. चाली लिहून ठेवायची मला सवय होती. खरं तर स्वतःला पटवायचं होतं, की ती उडी घेऊनही मामा हरलेच असते. बाविसाव्या चालीपर्यंत मोहरे लावले आणि कुलूप घालून नळावर पाणी भरायला गेलो. परत येतो तर राजा अडीच घरांवर! वाटलं, आपणच ठेवला असेल. मागे घेतला. चहाला गेलो, किल्ली खिशात. आलो... राजा पुन्हा तिथंच. बाकी एकही मोहरा हललेला नव्हता. मी तो परत मागे घेतला.

तशीच सायकल काढली आणि वाकड गाठलं. माफी मागायची, साहेबांना खरं सांगायचं, असं ठरवून निघालो होतो. मामा ओसरीवर एकटेच पट मांडून बसले होते. तोच डाव.

"दोपारपासनं दोन बारी राजा तिथं ठिवला, भाऊसाहेब," ते म्हणाले. "जरा उठलो की कुणीतरी मागं घेतंय. घरात तर कुणीबी न्हाई."

मामा, तो हात माझा... एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. भीती म्हणा, त्या जागेचा मोह म्हणा — मी चहा प्यालो, पिकापाण्याचं विचारलं आणि उठलो.

सोमवारी फळ्यावर माझं नाव लागलं. मामा क्लबात पुन्हा आले नाहीत. मी पुढच्या आठवड्यात सांगेन, पुढच्या महिन्यात सांगेन, असं करत राहिलो आणि वर्षाच्या आत मामा गेले.

तो डाव नंतर मी कितीदा तरी तपासला. त्या उडीपुढे मला वाचायला वाट नाही. दोन पटांवर ते काय झालं, याचा उलगडा मात्र आजही होत नाही. अजून कधीतरी दुपारी तो डाव मांडतो, राजा मुद्दाम जुन्या घरात ठेवतो, कुलूप लावून एक चक्कर मारून येतो.

राजा जागचा हललेला नसतो.